झुलतं दार

पुस्तक आलं तेव्हा मी मेंढीची लोकर उपटत होते.
(शेटलंडला आम्ही कातरत नाही, हातानंच सोडवतो.)
पाकिटाचा एक कोपरा समुद्रानं चाखलेला.
आत मॅग्डा रोझनरची सही, आणि ‘ऑस्लाला’.
एवढंच.

आठ वर्षांपूर्वी धक्क्यावर उतरली, म्हणाली,
शेतीचा अभ्यास करायचाय.
शेतीचा! इथं वाऱ्याला भिऊन
कोबीसुद्धा दगडी भिंतीआड उगवतो.
आम्ही माना डोलावल्या.
पाहुण्याचं खोटं उघडं पाडू नये,
हे आम्हाला विद्यापीठानं शिकवलेलं नव्हतं.

मग हॉटेलात माझ्याशेजारी भांडी घासू लागली.
वाईट घासायची.

गिडियनचा भाऊ बोटीसकट गेला त्या दुपारी
गिडियन चुलीपुढं गुरासारखा हंबरत होता,
आणि सात नंबरच्या टेबलाला मासा हवा होता.
मी बशी उचलली, दार ढकललं,
‘आज उघाडी पडली, नाही का?’ म्हणाले बाईसाहेबांना.

पान एकशे बारा:
‘एक वाढपीण दाराच्या दोन पावलं अलीकडे चेहरा बदलते.’
दोनच. मी जाऊन मोजली.
खोटं नाही लिहिलं तिनं.

पण कोळशाच्या कोठीमागं बसून ती वही लिहायची,
उठताना ॲप्रनवर पाणी शिंपडायची,
पंपावरून आल्यासारखी,
आणि खांदे पाडून भांडीवालीचे करायची.
ती पावलं कुठल्याच पानावर नाहीत.
मी फटीतून पाहायचे. कुणाला बोलले नाही.

आणि ती रात्रही नाही.
दिवे मालवल्यावर पाणी प्यायला खाली गेले तर
मॅग्डा गिडियनच्या वाटणीचे बटाटे सोलत होती अंधारात,
पोतंभर,
वही नाही, कुणाची नजर नाही,
नाक गळतंय ते बाहीला पुसत.
मी तशीच तहानलेली वर आले.
हे कुठल्या प्रकरणात घालायचं
तिला सुचलं नसावं.
की घालायचंच नव्हतं?

हॉटेल बंद पडलं. सामानाच्या लिलावात
ते दार मी घेतलं, गोठ्याला बसवलं.
बिजागरी अजून दोन्हीकडं झुलते.
पहाटे धारेला जाते, हातात बादली,
आणि दोन पावलं अलीकडे
माझं तोंड आपोआप नीट होतं.

गाय ढुंकूनही बघत नाही.