लागला का

सेलूच्या बाजारातून परतताना
ढेंगळी पिंपळगावच्या फाट्याला
एक मोटारसायकलवाला खिडकीशी आला, ओरडला,
"मावशे, ब्रेक दाबलं की मागं काहीच लागंना गेलंय!"
आणि निघून गेला.
किती दिवसांपासून, हे विचारायचं राहिलं.
आपल्या गाडीचे मागचे दिवे
आपल्याला सोडून अख्ख्या रस्त्याला दिसतात.

व्हॅन ब्याण्णव सालची. सीटा काढून मागे पेट्या:
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ,
हिरवा चुडा, रेशमी, राजवर्खी.
कुणी मागून धडकलं तर,
आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
विमावाल्याच्या कोणत्या रकान्यात लिहू हे?

मुख्तार वायरमन उदगीरला, साडूकडे लग्न.
उद्या पाथरी.
हे ओट्यावर बसलेले.
सहा वर्षं झाली, काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले,
जन्मभर काच विकणाऱ्या माणसाचे.
चाक माझ्या हाती आलं.
गाडीचे कान मात्र यांच्याकडेच राहिले.

"हॉर्न वाजव."
वाजवला. चाकाखालचं कुत्रं उठून गेलं.
"मग फ्यूज शाबूत. दोन्हीला एकच हाय.
दिवा एका बाजूचा गेलाय का दोन्हीकडचा?"
"दोन्हीकडचा."
"मग बल्ब नाहीत. दोघं काय एका दिवशी जात नसतात."
मी काही बोलले नाही.
तेही थोडा वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "पाना आन."

पेडलच्या वर, अंधारात,
शेंगेएवढा एक स्विच.
पाय दाबला की त्याची खुंटी बाहेर येते
आणि मागे खबर जाते की बाई थांबायलीय.
एवढंच त्याचं काम, तीस वर्षांपासून.
पदर खोचून उताणी पडले, टॉर्च दातांत.
"दोन वायरी हायत. काढ, आन् एकमेकींना जोड."
केसांतला आकडा काढून दोन्हींच्या तोंडात अडकवला.
"लागला का?" मी आतून विचारलं,
आणि टॉर्चसकट जीभ चावली.

चप्पल फरफटत मागे गेली.
हात पत्र्यावरून फिरत गेला,
पोचा आला तिथे जरा थांबला
(तो पोचा जिंतूरच्या घाटातला, यांच्याच काळातला).
उजवीकडची लाल काच त्यांनी आधीच उतरवलेली,
स्क्रू सदऱ्याच्या खिशात.
उघड्या बल्बपाशी बोट नेऊन उभे राहिले,
तवा तापला का बघतात तसं.

उजेड लगेच येतो.
धगीला वेळ लागतो.
मी पडून राहिले. मानेखाली रबरी मॅट,
मॅटखाली कधीची एक निळी काचकूच.
गल्लीत कुणाचा तरी कुकर वाजला, दोनदा.
"लागलाय," ते म्हणाले. "ऊन लागायलंय बोटाला."

म्हणजे दोष स्विचचा.
उघडला, तर आतली पितळी जीभ काळीठिक्कर.
बांगडीची कड मारायच्या कानशीनं घासली,
पिवळी होईस्तोवर,
वर टिकलीएवढं व्हॅसलीन.
"नवा साठ-सत्तरला मिळंल," हे म्हणाले,
"पन ह्यो बी पाथरी करंल."

बसवला. पाय दाबला. टिक.
"लागला."
पाय काढला.
"अजून ऊनच हाय. थांब."
थांबले.
"थांब."
"…आता गेला. परत दाब."

दिवस केव्हाच बुडाला होता.
मागे देशमुखांची चुन्याची भिंत,
तिच्यावर एकीकडे लाल पडत असणार
आणि उजवीकडे, काच उतरवलेली म्हणून, पांढरा.
मी पुढे बघत होते.
हे बोटानं.
समोरच्या गच्चीवरनं पाटलांची पिंकी तेवढी ओरडली,
"काकू, एक दिवा उघडाच राहिलाय!"