दहा तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट वर जायचे पैसे घेते.
दहा तेत्री. भिंतीला एक लोखंडी पेटी,
पेटीला चीर, चिरेत नाणं,
मग आत कुणीतरी खाकरतं
आणि आपण निघतो.
खाली यायला फुकट.
खाली आणायचे पैसे तिबिलिसीने कधीच घेतले नाहीत,
असं नानुली म्हणते. तिचं ठीक आहे,
ती दुसऱ्या मजल्यावर राहते.

मी नवव्या.

रात्रभर औषधाच्या दुकानात उभी होते.
पहाटे तीनला एकाने खिडकीतून विचारलं,
झोपेची गोळी अर्धी मिळेल का.
मी म्हटलं, अर्धी मलाच हवीय.
तो हसला नाही. मग हसला.
मग ग्लदानीपर्यंत ती पिवळी मिनीबस,
जिच्या ड्रायव्हरला ब्रेक आठवतो
तो थांबा गेल्यावर.

फुटपाथवर गाड्या झोपलेल्या, म्हणून माणसं रस्त्यावर.
सिग्नलपाशी ती तपकिरी कुत्री,
कानात महापालिकेचा पिवळा बिल्ला,
आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त सरकारी.
ती पट्ट्यांवर पाय ठेवते आणि गाड्या थांबतात.
माझ्यासाठी थांबत नाहीत,
म्हणून मी तिच्या मागून चालते.

वाझाच्या भट्टीत शेवटची चिल्लर गेली.
शोती हातात घेतली, लांबट, होडीसारखी, चटका देणारी,
आणि तिचं टोक वाटेतच मोडून खाल्लं.
सगळेच खातात.
या शहरात अख्खी शोती
कुणाच्याच घरी पोचलेली नाही.

तर लिफ्टपाशी मी, आणि पर्समध्ये
पन्नासची नोट, मेट्रोचं कार्ड, डोकेदुखीच्या सहा गोळ्या.
यातलं पेटीला काहीच समजत नाही.
अशा वेळी काय करायचं ते इथे पोरासोरांनाही माहीत आहे.
टपालपेटी उघडायची,
जणू आपल्याला कुणी पत्र पाठवतं.
भिंतीवरची सूचना वाचायची:
गुरुवारी दहा ते सहा पाणी बंद.
कुठल्या गुरुवारी, ते लिहिलेलं नाही.
आणि कान दाराकडे.

आला तो ओतारी. आठव्या मजल्यावरचा.
तीन वर्षं ज्याचं ड्रिल दर रविवारी
माझ्या उशीखालून वर येतं.
काय बांधतोय, देव जाणे.
मी रेडिएटरचा पाइप डावाने बडवते,
तो आणखी एक भोक पाडतो,
एवढाच आमचा संवाद. तोंडाने बोलून
ईस्टरपासून चार महिने झाले.

त्याच्या मिठीत कलिंगड होतं. दोन्ही हात अडकलेले.
तो पेटीकडे बघत म्हणाला,
"शर्टाच्या खिशात आहे. काढा."

मी काढलं.
शेजाऱ्याच्या छातीवरचा खिसा
आतून इतका ऊबदार असतो, हे ठाऊक नव्हतं.

"नऊ दाबा," तो म्हणाला.
"तुम्ही आठला ना?"
"मी येताना उतरेन. खाली फुकट आहे."

नऊ मजले. विटांच्या भुकटीचा वास, कलिंगडाचा वास,
आणि पाचव्यापाशी तो नेहमीचा हिसका,
तेव्हा दोघांनीही एकदमच कलिंगड धरलं.
बाकी काही बोललो नाही.
उतरताना मी शोतीचं दुसरं टोक मोडलं
आणि कलिंगडावर ठेवलं.
ते तिथे नीट बसलं.
दार मिटलं, पाव खाली गेला.

नऊ वीसला उशीखाली सुरू झालं.
आज रविवार, विसरलेच होते.
मी डाव उचलला. ठेवला.
पुन्हा उचलला,
तेव्हा दिसलं, टेबलावर, किल्ल्यांशेजारी,
एक लांब स्क्रू,
नाण्याबरोबर त्याच्या खिशातून माझ्या मुठीत आलेला.

खाली ड्रिल थांबलं.
डबे सरकवल्याचा आवाज, काहीतरी सांडलं,
एक शिवी, मग डबे पुन्हा.
तो शोधतोय.

मी पडदा ओढून घेतला.