बाक

मी या मंडळीचा वडीलजन. किल्ल्या माझ्याकडे,
अर्पणाची पेटी माझ्याकडे, आणि ती वही,
जिच्यात बाप्तिस्म्याच्या तारखा निळ्या शाईत,
मेलेल्यांच्या लाल.
चितिंब्याला, सरोवराच्या काठी, आमचं विटांचं मंदिर.
पत्र्यावर वारा चढला की पाळकांचा उपदेश
अर्धा आम्हाला, अर्धा मासळीला.

बाक अठरा, माणसं त्याहून जास्त.
तरी लुसुंगू, मासे वाळवणाऱ्या न्याम्हांगोची
सहा वर्षांची पोर,
चपला हातात घेऊन अनवाणी यायची
आणि दर रविवारी शेजारी त्या मांडून
जागा अडवायची.
"कुणाची गं ही?"
"येशूची. बाई म्हणाल्या, तो येणार आहे."
"अगं, येणार म्हणजे..." मी सुरुवात केली,
आणि पुढचं मला येईना.

तीस वर्षं मी प्रार्थना चालवतोय.
'ये, प्रभू, ये' म्हणताना डोळे घट्ट मिटतो.
खरंच आला, तर बसणार कुठे,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी चपला उचलून दाराशी ठेवायचो.
पहिलं गीत संपायच्या आत त्या परत बाकावर.

मग त्या रविवारी, दुसऱ्या गीताच्या मध्येच,
दारात एक बाई.
एक पाठीवर, एक हाताला,
पायांवर गुडघ्यापर्यंत रस्ता.
कापड बांधायच्या तऱ्हेवरून सगळ्यांनी ओळखलं:
बुरुंडीची. सोंग्वेच्या नाक्यावरून आलेली.
गाणं थांबलं नाही.
फक्त आम्ही अंगं जरा सैल सोडली,
बायकांनी कापडं पसरून घेतली.
जागा नाही हे सांगायला तोंड लागत नाही,
ऐसपैस बसलं की पुरतं.

मी वही घेऊन उठलो. नियम आहे:
जुन्या मंडळीचं पत्र, खाली पाळकाची सही.
दारापर्यंत सोळा पावलं.
बाराव्याला पोर माझ्या कोपराखालून पुढे.

"म्विझा," ती म्हणाली.
आमच्या तुंबुकात हे रोजचं: आलात.
विहिरीवर म्हणतात, अंगणात म्हणतात,
उधारी मागायला आलेल्यालासुद्धा म्हणतात.
पण त्या बाईने ओठ दाबून धरले,
मग दाबून धरवेनात.
तिच्या मोठ्याला थोडी स्वाहिली यायची,
त्याने नंतर सांगितलं,
त्यांच्याकडे हाच शब्द म्हणजे सुंदर.
वाटेत तिला पुष्कळ काही म्हटलं गेलं होतं.
हे नव्हतं.

लुसुंगूने बाकावरच्या चपला आणून
तिच्या पायांपुढे ठेवल्या, नीट, जोडीने.
त्यांत तिचा अंगठाही मावला नसता.
पोरीला ते दिसत नव्हतं.
मला दिसत होतं. मला नेहमी तेवढंच दिसतं.

मी वही मिटली.
म्हणजे, खोटं कशाला बोलू, पानात बोट ठेवून मिटली.
पुढच्या आठवड्यात पत्र मागितलंच.
तिने कमरेची गाठ सोडून कागद काढला,
भिजून वाळलेला, परत भिजलेला,
एक अक्षर लागत नव्हतं.
मी निळ्या शाईने लिहिलं: पत्र मिळालं.
माझ्या वहीतली पहिली लबाडी. तारीख टाकली आहे.

आता त्या बाकावर ती चौघं दाटीने,
आणि कडेला पुन्हा चपला.
"अगं, आली ना ती? आता कुणाची जागा?"
मी साधी बेरीज विसरलोय
असं बघितलं तिने माझ्याकडे.
"ती आली. तो यायचाय."

म्हणून आंब्याची एक फळी आणून
मीच बाक लांबवला. मी सुतार नाही.
एक पाय आखूड पडला.
आता कुणी उठलं की सगळेच डुगडुगतात,
आणि कोण आहे ते न बघता
शेजारच्याचा दंड धरतात.