खालून दुसरा खण

हरिता, दार नुसतं ओढू नकोस,
आधी थोडं उचल, मग ओढ. बिजागरी बसलीय.
खालून दुसरा खण. जादूचं, अंतराळाचं सगळं तिथंच.
वर ठेवलं की पुठ्ठे वाकतात उन्हानं.
सोलापूरचं ऊन कुठल्या ग्रहाचं, मलाही सांगता येणार नाही.

सुरुवात निळ्यापासून कर.
त्यातल्या ग्रहावर पाचव्या दिवशी पाणी येतं,
रात्री अडीचला,
आणि सगळी वस्ती घागरी घेऊन जागी.
लेखकाला वाटलं असणार, काय अचाट कल्पना केली आपण!
म्याकल मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी परत आणलं.
म्हणाले, बाई, हे चुकून इकडं लागलंय,
सामाजिक कादंबऱ्यांत ठेवा.
पण शेवटाकडं एका पोरीला
नळाच्या फुसफुशीत कुणीतरी बोलताना ऐकू येतं,
खूप लांबून, दुसऱ्या कुठल्यातरी कोरड्या गावातून.
तिथवर मास्तर पोचलेच नव्हते.
तू पोच.

हसायचं असेल तर ड्रॅगनचं घे.
बंद मिलच्या धुराड्यात राहतो,
फंडाची थकबाकी मागायला हापिसात जातो.
साहेब विचारतो, वय?
नऊशे.
मग तुमची निवृत्ती आठशे बेचाळीस वर्षांपूर्वीच झाली की,
अर्ज उशिरा आलाय.
विड्या वळणाऱ्या बायकांत हे मी मोठ्यानं वाचायची.
यल्लूबाई इतकी हसली की सूप कलंडलं,
तंबाखू सगळी जमिनीवर,
आणि मग एकदम गप्प झाली.
तिच्या नवऱ्याचा अर्ज अजून आतच होता.
पुढचं पान त्या दिवशी उलटलं नाही.

सात खंडांचं जाडजूड नको घेऊस.
एकेका राजपुत्राला तीन तीन नावं,
आणि नकाशा पहिल्या खंडातूनच कुणीतरी फाडून नेलाय.
दोन पोरं गेली त्या राज्यात, परत आली नाहीत.
चौथा खंडही त्यांच्याकडंच.

एक बारीकसं आहे, पिवळं.
त्यातलं काळयंत्र फक्त मागच्या बुधवारी जातं.
युद्ध नाही, राजे नाहीत,
माणूस परत परत जाऊन एक चादर नीट करत बसतो,
जिच्यातल्या मोराची मान एका धाग्यानं चुकलीय.
कुणालाच आवडत नाही. मला आवडतं.
हे तुला उगीच सांगतेय.

आता खरं.
सगळ्यात मागं बघ, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
अंतराळात माग बसवायला गेलेली चार माणसं.
तिथं वजनच नाही,
धोटा एकदा सुटला की सुटला, चालला.
मग विणायचं कसं, आणि घरी यायचं कसं?
शेवटची सोळा पानं नाहीत.
वाळवीनं खाल्ली म्हण, नाहीतर बाइंडरनं.

तिथं आता वहीचे कागद शिवलेत.
एक शेवट तेलुगूत, पेन्सिलीनं.
एक उर्दूत, तो उलट्या बाजूनं सुरू होतो,
कितीतरी वर्षं आम्ही ती प्रस्तावना समजत होतो.
मराठीतला माझा. त्यात सगळे मरतात.
एकवीस वर्षांची होते, माफ कर.
आणि एक कन्नडात, हिरव्या शाईत, खाली नाव नाही.

मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
होटगीच्या एका बाईनं वाचून सांगितला होता:
धोटा परत येतो म्हणे, पण फार उशिरा,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेल्या
एका म्हातारीच्या मांडीवर पडतो.
तिला वाटतं, कुणाच्या तरी पोराचं खेळणं.
ती पदरात बांधून ठेवते,
आणि पाळणा खाली आल्यावर
प्रत्येकाला विचारत फिरते, तुमचं आहे का?
खरंच तसं लिहिलंय,
की त्या बाईनं मनानं लावलं, कोण जाणे.

हेच ने आधी. निळं नंतर.
दंड रोजचा आठ आणे, पण ह्याला मी लावत नाही.
मागं कोरे कागद अजून आहेत, किती ते मोजलं नाही.
फक्त हात पुसून उघड.
पान एकशे बारावर शेंगाचटणीचं बोट उमटलंय कुणाचंतरी,
तेवढं एक पुरे.