पोस्टाच्या भिंतीवरची बहीण

माहितीपटात मी चार मिनिटं आहे.
बोलले होते दीड दिवस.

दिग्दर्शिकेनं विचारलं होतं, आल्मुट लहानपणापासूनच तापट होती का?
मी म्हटलं, तिला दुधावरची साय चालत नसे.
ते त्यांनी कापलं.

ठेवलंय ते पोस्ट ऑफिस,
कासेलचं, स्टेशनामागचं.
आई तिकिटं आणायला पाठवायची,
आणि खिडकीशेजारी तो कागद, चेहऱ्यांच्या रांगा,
दुसऱ्या रांगेत तिसरी माझी बहीण.
शाळेच्या सहलीतला फोटो. कडेला माझा खांदा होता,
तो छाटलेला.
कुणी सापडलं की काउंटरवरच्या बाई उठून
निळ्या पेन्सिलीनं फुली मारत
आणि परत येऊन माझे सुटे पैसे मोजत.
मी रोज तिकिटं आणू लागले.
आमच्या घरून एवढी पत्रं कुणालाच जात नव्हती.
तिच्यावर फुली दिसली त्या दिवशी
पैसे मुठीत तसेच घेऊन घरी आले.

वडील जेवताना म्हणत, मीठ दे. बस्स.
युद्धात तुम्ही कुठे होता, काय करत होता,
हे त्यांना तोंडावर विचारणारी घरात ती एकटीच.
तिचं विचारणं बरोबर होतं,
असं मी कॅमेऱ्यापुढे म्हणाले
आणि लगेच पाणी मागितलं.

आता पडद्यावर एवाल्ड ब्रिंकमन यांचा मुलगा.
बँकेतल्या मोठ्या साहेबांची गाडी चालवायचे ते.
साहेबांच्या नावाचा पुढे चौक झाला.
मुलगा सांगतो, जबाबदारी घेणाऱ्या पत्रकात
वडिलांचं नाव नव्हतं,
'सोबतचा' एवढंच होतं.
मांडीवर त्यांचे हातमोजे.
घालत नाही तो.
चामड्याची बोटं सरळ करत राहतो,
एक झालं की दुसरं.

आम्ही कधी भेटलेलो नाही.
पण संकलन असं,
की तो बोलतो आणि मी मान हलवते.
मी मान हलवली होती ती
कॉफी घेणार का, या प्रश्नाला.

दिवे लागले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना.
मागे एक तरुण मुलगा म्हणाला, पण त्यांचा मुद्दा काय होता, ते राहूनच गेलं.
त्याची मैत्रीण म्हणाली, हळू बोल.

कोट घ्यायच्या रांगेत ब्रिंकमन नेमका माझ्यापुढे.
वळला. ओळखलं असावं, किंवा नसावंही.
म्हणाला, ही छत्री तुमची का?
नव्हती.
मी हो म्हटलं, घेतली, आभार मानले.

बाहेर धो धो पाऊस होता.
कुणीतरी त्या रात्री भिजत घरी गेलं असणार.
छत्री अजून माझ्या दारामागे आहे.