पावती क्रमांक ४०७१

धक्क्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर
एक तरुण पाळक पत्रकं वाटतो.
घामानं भिजलेला शर्ट, नवे कोरे बूट.
विचारतो, बाई, तुमचं तारण झालंय का?
कुठल्या दिवशी? आठवतंय?

मला हसू येतं. त्याला ते उद्धट वाटलं असावं.
पण तारण हा माझ्या पोटापाण्याचा शब्द.
एकतीस वर्षं हारोच्या पेढीत, जाळीमागे बसून
मी तारणच घेत आले:
अंगठ्या, शिवणयंत्रं, एकदा एक सोन्याचा दात,
एकदा एका बँडवाल्याचं ट्रम्पेट, आत अजून थुंकी होती.
वस्तू ठेवायची, पैसे न्यायचे,
मुदतीत सोडवायची.
नाहीतर कसोटीचा दगड, ॲसिडचा थेंब, लिलाव.

तिसऱ्या वर्षी मी एक साखळी बदलली.
मानांग उल्दारिकाची, नवऱ्यानं बोटीवरून आणलेली.
तिच्या जागी पितळेची ठेवली, सोन्याचं पाणी चढवलेली.
मुलाला डेंग्यू झाला होता, असं मी सांगू शकते,
आणि ते खोटं नाही.
उरलेल्या पैशांत मी बूट घेतले, लाल, बकलवाले.
तेही खोटं नाही.

उल्दारिका दर चौथ्या महिन्याला यायची.
सुक्या मासळीचा वास, चुरगळलेल्या नोटा.
नुसतं व्याज भरायची, मुदत वाढवून घ्यायची.
म्हणायची, जरा बघू दे गं.
मी जाळीखालून पाकीट सरकवायचे.
ती साखळी तळहातावर घ्यायची,
एकेक कडी अंगठ्याखालून न्यायची,
आणि परत द्यायची. नीट ठेव.

अकरा वर्षं.
दिवसा मी मनात हिशेब करायचे, वेडी बाई,
एवढ्या व्याजात दोन साखळ्या आल्या असत्या.
आणि रात्री, ती एकदा जरी चुकली
तर पितळ दगडावर घासलं जाईल
आणि ती रेघ माझं नाव सांगेल.

रविवारी मी मागच्या बाकावर.
आमच्या चर्चचं घंटाघर रस्त्यापलीकडे, एकटं उभं.
घंटा तिकडे वाजते, प्रार्थना इकडे होते,
मधून जीपगाड्या धावतात.
मला ते सोयीचं वाटायचं.
क्षमेची प्रार्थना पाठ होती. ओठ हलायचे.

मग ती अंथरुणाला खिळली.
मी गेले ते व्याजाची तारीख जवळ आली म्हणून.
दुसरं काही मनात नव्हतं.
बांबूची खोली, उशाशी नोटांचा पुंजका, रबर लावलेला.
तो पुंजका बघितला आणि मी सांगून टाकलं.
सगळं. बुटांसकट.

तिनं पाणी मागितलं. प्यायली.
म्हणाली, तिसऱ्या कडीवर त्याच्या दाताची खूण होती.
सोनं खरं का बघायला चावला होता, मूर्ख.
पहिल्याच वर्षी ती खूण नव्हती.

मग इतकी वर्षं, मानांग? पितळेवर व्याज?

पितळेवर कशाला, ती म्हणाली
आणि कुशीवर वळली.
तो पुंजका घेऊन जा. तारीख गुरुवारची आहे.

मुद्दल नंतर मी फेडलं, मालकाला सगळं सांगून.
तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही,
पण खुर्ची काढून घेतली नाही.
खरी साखळी वितळून कुणाच्या बोटात गेली, ठाऊक नाही.
बूट केव्हाच फाटले.

खंडणी कुणी भरली, कुणाला भरली,
यावर फादर पाऊण तास बोलतात, मला डुलकी लागते.
क्रूसाकडे बघते तेव्हा
मला फक्त ती जाळीपलीकडे दिसते,
नोटा सरळ करत, पावती धरून, रांगेत.

पाळक पेन उघडून थांबलाय.
मी सांगते, जानेवारी, मे, सप्टेंबर.
मग परत जानेवारी.
तो म्हणतो, बाई, एकच तारीख सांगा.
तेवढ्यात बस येते.