पंचवीस पावलं

पहिल्या शनिवारी इद्वल म्हणाला, बंदूक गाडीतच राहू दे.
मी हिरमुसले. नवीकोरी होती, तेलाचा वास जायचा होता,
डब्यात पाचशे छर्रे, एकही न उडालेला.
तोवर तो कुंपणापलीकडे पोचलाही होता.
वेल्सच्या या डोंगरात कुंपणं विणण्यात हयात गेलेला माणूस,
काटे त्याला वाट देतात.
माझी बाही धरून ठेवतात.

ॲशच्या झाडाखाली थांबलो. मी वर पाहिलं.
वर नको, खाली बघ.
पाचोळ्यावर चुन्याचे शिंतोडे, ओले.
दोन राखाडी पिसं.
हे झाड त्यांचं. ते पलीकडचं नाही.
का, ते सांगितलं नाही त्याने.
थर्मासमधला चहा दिला नि आम्ही परतलो.

दुसऱ्या शनिवारी डब्याच्या झाकणावर
दोन पेन्सच्या नाण्याएवढं वर्तुळ काढलं.
पंधरा पावलांवरून पाचात पाच.
वीसवरून पाच. पंचवीसवरून चार, मग पाच.
तीसवरून दोन.
मग तुझं जग पंचवीस पावलांचं, तो म्हणाला.
त्यापुढचं कबूतर म्हणजे शेजाऱ्याची गाय,
बघायची, आणि सोडून द्यायची.
आणि मागे खोड नसेल तर तेही सोडायचं.
छर्रा आकाशात राहात नाही, मेरेरिड,
तो कुणाच्या तरी अंगणात उतरतो.

तिसऱ्या शनिवारी एकटी गेले.
बफ्टनबाईंना आधी निरोप दिला, रान त्यांचं,
कबुतरांनी ओरबाडलेलं क्लोव्हरही त्यांचंच.
तोंडाला चिखल फासला, बुडख्याला पाठ लावून बसले,
जिवाचे कान करून.
साडेतीनला थवा आला, माझ्यावरून वळला,
आणि कुणी दार आपटावं तसा फुटला.
मी तर हललेच नव्हते!
दुसरा थवा. तेच.
मग खाली पाहिलं:
मनगटावर मावळतीच्या सूर्याचा एक तुकडा बांधून
मी अंधारात लपले होते.
घड्याळ खिशात घातलं.
मग खोकला आला.
मग खोकल्याच्या गोळीचा कागद.
रात्री सगळं सांगितलं तर फोनवर इतकी शांतता
की वाटलं, लाईन गेली.
इद्वल हसत होता.

त्यानंतरचे दोन शनिवार मी कुणाला सांगत नाही.

फेब्रुवारी संपताना वारा पश्चिमेचा, चांगला झोंबरा.
फांद्यांच्या करकरीत माझा आवाज मावत होता.
कबुतरं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात,
एवढं आता मला ठाऊक होतं,
म्हणून मी बसले त्यांच्या शेपटांच्या बाजूला,
पायांना मुंग्या येईपर्यंत,
मग मुंग्याही जाईपर्यंत.
एक कबूतर आलं. मान उंच, संशयी.
मी बंदूक उचलली नाही, ती आधीच गुडघ्यावर होती.
त्याने मान आत घेतली, पिसं फुगवली.
बावीस पावलं. मागे खोड.
डोक्यावर नेम, अर्धा श्वास आत.

पडल्याचा आवाज उशीखाली पुस्तक पडल्यासारखा.
जागच्या जागी गेलं होतं, पंखही फडकला नाही.
तरी माझे हात नंतर थरथरले, बराच वेळ.
त्याचं ऊन अंग हातात घेतलं तेव्हा
मानेवरचा पांढरा पट्टा इतका नीट आखलेला
की मी उगीचच तो सारखा केला.

इद्वलच्या ओट्यावर गळ्याची पिशवी उघडली.
आत क्लोव्हरची पानं, घडीसुद्धा न मोडलेली,
आणि आयव्हीची काळी फळं, सात.
घे, वाच, तो म्हणाला नि कांदा चिरायला लागला.
खालच्या शेतातलं जेवण. वरच्या रानातलं अंथरूण.
आणि मधोमध, वाऱ्याच्या आडोशाला, ते ॲशचं झाड.
मी काही बोलले नाही.
त्यानेही तव्याकडेच बघितलं.

सोमवारी औषधांच्या दुकानात
अंगठ्याच्या नखात हिरवं राहिलं होतं.
मिसेस गिटिन्स प्रिस्क्रिप्शन घेऊन आत शिरल्या.
काउंटरपासून दारापर्यंत एकोणीस पावलं.
मोजली नव्हती.
दिसली.